उंदराच्या मूत्रपिंडाची जबानी

गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या अण्णांना हुडहुडी भरून ताप आला आणि रक्ताच्या तपासणीत हिवताप निघाला, तेव्हा त्यांच्या उशाशी जमलेल्या औषधांची मोजदाद करण्याचे काम, चष्मा सापडत नसल्याच्या सबबीवर, त्यांनी माझ्यावर सोपविले. एका पाकिटात पिवळ्या गोळ्यांच्या सहा रांगा होत्या, प्रत्येक रांगेत चार, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ घ्यावयाच्या. ह्या आर्टेमेथर व ल्युमफँट्रिन ह्या दोन हिवतापनाशकांच्या जोडगोळ्या. दुसऱ्या पाकिटात डॉक्सिसायक्लिन ह्या प्रतिजैविकाच्या कॅप्सूल होत्या, कारण ताप येण्यापूर्वी आठवडाभर अण्णा गुडघाभर पाण्यातून बाजार करून आले होते आणि डॉक्टरांना लेप्टोस्पायरोसिसचाही संशय होता. तिसरी पट्टी अंगदुखीवरची. ती कोणी लिहून दिली नव्हती, घरच्या डब्यात होती म्हणून सुरू झाली होती. मी सगळे वेळापत्रक वाचून दाखविले. अण्णांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "एवढं सगळं पोटात गेल्यावर पुढं जातं कुठं रे?"

"लघवीवाटे" असे एका शब्दाचे उत्तर देऊन मी त्या वेळी वेळ मारून नेली; परंतु घरी आल्यावर ध्यानात आले की, ज्या प्रश्नापायी देशोदेशींच्या प्रयोगशाळांतून असंख्य पांढऱ्या उंदरांची मूत्रपिंडे कापून पाहिली जातात, तो अण्णांनी एका वाक्यात विचारला होता. हिवतापावरचे औषध आणि जंतूंवरचे प्रतिजैविक ही दोन निरनिराळ्या कामांसाठी घडविलेली द्रव्ये एकाच वेळी एकाच देहात शिरली म्हणजे त्यांची वासलात लावताना मूत्रपिंडावर काय गुदरते, हा तो प्रश्न होय.

मूत्रपिंडाला आपण गाळणी म्हणतो आणि ते खोटे नाही. पण ती अर्धीच हकीकत आहे. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या वजनाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी, तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा वाटा त्यांच्याकडे वळतो. प्रत्येकात दहा लक्षांच्या घरात सूक्ष्म गाळण्या असतात आणि त्यांतून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव खाली उतरतो. आपण लघवी करतो ती मात्र अवघी दीड लिटर. बाकीचा सगळा द्रव, त्यातील मीठ आणि साखर यांसह, गाळणीखालच्या वळणावळणाच्या नलिका पुन्हा रक्तात घेतात; म्हणजे ह्या अवयवाचे खरे कर्तृत्व टाकून देण्यात नसून परत घेण्यात आहे. गाळणीला लागून असलेला नलिकेचा पहिला भाग, ज्याला समीप नलिका म्हणतात, तो ह्या परतफेडीचा दोन-तृतीयांश भार एकटा उचलतो. तिच्या पेशींच्या आतल्या कडेवर ब्रशाच्या केसांसारखी दाट झालर असते; ह्या झालरीने त्या वाहत्या द्रवातून हवे ते टिपतात, आणि पाठीमागच्या बाजूने रक्तातील नको ते ओढून नलिकेत लोटतात. औषधे ह्या दोन्ही दारांनी आत येतात. शिवाय पाणी परत घेतले गेले की नलिकेत उरलेल्या औषधाचा दाटपणा रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढतो. विषारी द्रव्याचा पहिला तडाखा पुष्कळदा ह्याच पेशींना बसतो, तो त्या नाजूक असतात म्हणून नव्हे, तर त्या फार काम करतात म्हणून.

आता ही दोन औषधे एकत्र येतातच कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्याचे पहिले उत्तर असे की, तापाला चेहरा नसतो. हिवताप, विषमज्वर आणि लेप्टोस्पायरोसिस हे तिन्ही आजार पहिल्या दोन-तीन दिवसांत एकमेकांसारखेच दिसतात, आणि रोग्याला थांबावयास सवड नसते. पश्चिम आफ्रिकेत, विशेषेकरून नायजेरियात, हिवताप आणि विषमज्वर ही जणू एकाच दुखण्याची दोन नावे असावीत अशा रीतीने दोहोंवरची औषधे बरोबरच दिली जातात. तेव्हा आर्टेमेथर-ल्युमफँट्रिनसोबत सिप्रोफ्लॉक्सासिन दिल्यास उंदराच्या मूत्रपिंडाचे काय होते, असले प्रयोग तेथील विद्यापीठांतून वरचेवर व्हावेत यात नवल नाही. मुंबईत २००५ च्या जुलैतील महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचे नाव ज्याच्या त्याच्या तोंडी झाले, आणि तेव्हापासून पाण्यातून चालून आलेल्या माणसाला डॉक्सिसायक्लिन देण्याची वहिवाट पडली ती आजतागायत चालू आहे. पावसाळ्यात तेथे हिवतापही असतोच. अण्णांच्या उशाशी जमलेली दोन पाकिटे ही कोणा एका डॉक्टराची लहर नव्हती.

दुसरे उत्तर अधिक कुतूहलाचे आहे. काही प्रतिजैविके स्वतःच हिवतापावर चालतात. हिवतापाचा परजीवी हा जंतू नव्हे, तो एकपेशीय प्राणी. मग जंतूंसाठी केलेले औषध त्याला का लागावे? कारण त्याच्या पेशीत अ‍ॅपिकोप्लास्ट नावाची एक लहानशी पिशवी आहे, आणि ती वनस्पतींच्या हरितकणाची भाऊबंद आहे: कोणे एके काळी गिळलेल्या शैवालाचा, आणि त्याहून मागे जाता नीलहरित जंतूचा, उरलेला वारसा. तिच्यातील प्रथिने बनविणारी यंत्रणा अद्याप जंतूंच्या घराण्याची आहे. डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन ती यंत्रणा बंद पाडते. गंमत अशी की औषध घेतलेला परजीवी लगेच मरत नाही, त्याची पुढची पिढी मरते. प्रतिजैविकाचा हा परिणाम मंद असल्यामुळे त्याच्या जोडीला झटपट काम करणारे औषध लागते, आणि म्हणूनच क्विनीन, म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीचे कडू कोयनेल, आणि डॉक्सिसायक्लिन यांची सात दिवसांची जोडी वैद्यकात रूढ झाली. इतकेच काय, भारतात ईशान्येकडील राज्ये वगळता फाल्सिपारम ह्या जातीच्या हिवतापावर जो सरकारी उपचार ठरलेला आहे, त्यात आर्टेसुनेटबरोबर पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन आणि पायरीमेथामिन देतात. ह्यांतील सल्फाडॉक्सिन हे सल्फा घराण्याचे, म्हणजे मूळच्या जंतुनाशक कुळातलेच औषध होय. तात्पर्य, ही जोडी आडमार्गाने आलेली नाही. ती सरकारी दप्तरात नोंदलेली आहे.

सल्फाचा विषय निघाला म्हणून एक जुनी कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३७ साली अमेरिकेतील एका कंपनीने सल्फानिलामाइड हे त्या काळचे नवे जंतुनाशक मुलांना घेता यावे म्हणून गोड, रासबेरीच्या स्वादाच्या पातळ औषधाच्या रूपात बाजारात आणले. औषध चांगले होते. पण ते विरघळविण्यासाठी डायएथिलिन ग्लायकॉल हा द्राव वापरला होता, आणि तो एकाही जनावराला पाजून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती, कारण तशी सक्ती करणारा कायदाच नव्हता. शंभराहून अधिक माणसे, त्यांत पुष्कळ लहान मुले, लघवी बंद होऊन दगावली. शिकागो विद्यापीठात गायलिंग ह्या प्राध्यापकांनी त्या औषधातील एकेक घटक निरनिराळ्या जनावरांना देऊन अपराधी कोणता ते सिद्ध केले. त्या वेळी तेथे उंदरांवर नजर ठेवण्याचे काम फ्रान्सिस केल्सी नावाच्या एका तरुण विद्यार्थिनीकडे होते. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचा पुरावा मागणारा कायदा अमेरिकेत झाला. हीच केल्सीबाई महायुद्धाच्या काळात, जावा बेट जपानच्या ताब्यात गेल्यामुळे कोयनेलचा दुष्काळ पडला असता, हिवतापावरील औषधांच्या शोधात गुंतली, आणि सशाचे यकृत क्विनीनचा सहज फडशा पाडते, गाभण सशीचे कमी पाडते, आणि तिच्या पोटातील पिलाचे मुळीच पाडू शकत नाही, असे तिला आढळले. १९६० नंतर थॅलिडोमाइड हे औषध अमेरिकेच्या बाजारात येऊ न देणारी अधिकारी ती हीच. जंतुनाशकाच्या द्रावाने मारलेले मूत्रपिंड आणि हिवतापाच्या औषधाचा देहातील प्रवास हे दोन्ही विषय एकाच व्यक्तीने आयुष्यात इतक्या जवळून पाहिल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

असा प्रयोग प्रत्यक्षात कसा करतात हे पाहण्याचा योग मला एका परिचित प्राध्यापकांच्या कृपेने आला. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला त्यांचे प्राणिगृह; आत शिरताच भाताच्या तुसाचा आणि उंदरांच्या मुताचा मिसळलेला उग्र दर्प नाकात बसतो. पिंजऱ्यांत विस्टार वाणाचे पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर होते. हा वाण १९०६ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत सिद्ध झाला आणि जगभर पसरला. चोवीस उंदीर, सहा-सहांचे चार गट: एकाला नुसते पाणी, दुसऱ्याला हिवतापाचे औषध, तिसऱ्याला प्रतिजैविक, चौथ्याला दोन्ही. कोणता उंदीर कोणता हे कळावे म्हणून अंगावर पिक्रिक आम्लाचे पिवळे ठिपके. रोज सकाळी प्रत्येकाला तागडीत बसवून वजन करावयाचे, कारण मात्रा वजनावर. मग डाव्या हाताने मानेची सैल कातडी चिमटीत धरून, टोकाशी गोल मणी असलेली वाकडी सुई तोंडातून अन्ननलिकेत सरकवावयाची. ते काम करणारा विद्यार्थी एका उंदरामागे दहा सेकंदही घेत नव्हता. माणसाची किलोमागची मात्रा उंदराला जशीच्या तशी लागू पडत नाही; त्याच्या देहाचा व्यवहार इतका वेगवान की किलोमागे सुमारे सहापट मात्रा दिली म्हणजे ती बरोबरीची धरतात. हा सगळा कारभार प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली येतो, आणि किती उंदीर, कशासाठी, कोणत्या रीतीने, याची लेखी मंजुरी संस्थेच्या नीतिसमितीकडून घ्यावी लागते.

शेवटच्या दिवशी उंदराला बेशुद्ध करून रक्त काढतात आणि मूत्रपिंडे बाहेर घेतात. जेमतेम ग्रॅमभर वजनाचे, राजम्याच्या दाण्यासारखे, गडद तांबूस. फॉर्मलिनच्या बाटलीत पडले की बघता बघता करडे होते. पुढे ते मेणात थिजवून त्याचे इतके पातळ काप करतात की एका मिलिमीटरात दोनशे मावावेत, आणि ते रंगवून काचेवर चढवितात. प्राध्यापकांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली आधी नुसते पाणी प्यालेल्या उंदराची काच दाखविली: गुलाबी नलिका एकमेकींना चिकटून, प्रत्येकीच्या कडेने पेशींची निळसर-जांभळी केंद्रके ओळीने बसलेली, जणू कोणी बांगड्यांवर मणी जडवावेत. मग त्यांनी शिकविण्यासाठी जपून ठेवलेली जेंटामायसिनची काच लावली. किलोमागे ८० ते १०० मिलिग्रॅम ह्या मात्रेत आठवडाभर हे प्रतिजैविक टोचले की उंदराच्या समीप नलिका हमखास बिघडतात. मूत्रपिंडाचे नुकसान मुद्दाम घडवून त्यावर उपाय शोधणारे लोक हीच रीत वापरतात. त्या काचेत बांगड्या फुटल्या होत्या. कडेची झालर नाहीशी, केंद्रके विरलेली, आणि नलिकेच्या पोकळीत गुलाबी गाळ तुंबलेला. "आता चौथ्या गटाची काच अशी दिसते की पहिल्या गटासारखी, एवढंच आम्हाला बघायचंय," ते म्हणाले.

एवढेच, पण त्या 'एवढ्या'त फार गुंते आहेत. जेंटामायसिन समीप नलिकेच्या झालरीवरील एका प्रथिनाला चिकटून पेशीत शिरते आणि लायसोसोम नावाच्या आम्लयुक्त पिशव्यांत साठते. तेथे ते मेदद्रव्यांचे विघटन अडविते, आणि न पचलेले थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक चढत जातात. आता क्लोरोक्विन पाहा. १९३४ साली जर्मनीत घडविलेले हे हिवतापाचे औषध निराळ्याच वाटेने आत येते. पण तेही त्याच पिशव्यांत अडकून पडते आणि तसेच पापुद्रे घडविते, आणि ते घेणाऱ्या माणसांच्या मूत्रपिंडातही कधी कधी असे पापुद्रे सापडलेले आहेत. शिवाय ते अंगातून पुरते जाण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणजे ही दोन औषधे एकाच कोठडीत एकाच प्रकारची गर्दी करणारी आहेत, तेव्हा ती एकदम दिली तर पेशीवर दुप्पट भार पडेल असा संशय घेणे रास्त ठरते, आणि संशयाचे निरसन काचेवरच व्हावयाचे असते. सर्वच जोड्या अशा वागत नाहीत. फॉस्फोमायसिन हे प्रतिजैविक जेंटामायसिनबरोबर दिले तर उंदराच्या मूत्रपिंडाचे नुकसान उलट कमी होते. आणि काही जोड्यांचा झगडा मूत्रपिंडात नसून यकृतात असतो: क्षयावरचे रिफॅम्पिसिन यकृताला इतके तत्पर बनविते की ल्युमफँट्रिन रक्तात टिकूच शकत नाही आणि हिवताप बरा होण्याचा राहतो. २०२० साली हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिन ही जोडी घराघरांत नावानिशी ओळखली जाऊ लागली, तेव्हा सर्वांची नजर हृदयाच्या ठोक्यांकडे होती आणि ते योग्यच होते. मूत्रपिंडाची आठवण त्या धामधुमीत क्वचितच कोणाला झाली असेल.

काच पाहण्यास वेळ आणि पैसा लागतो, म्हणून पुष्कळ संशोधक रक्तातील क्रिएटिनिन आणि युरियाच्या आकड्यांवरच भिस्त ठेवतात. ही सोय आहे, पण हा साक्षीदार कच्चा आहे. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या झिजेतून निघणारा कचरा. मूत्रपिंड मंदावले की तो रक्तात वाढतो, पण गाळण्याची निम्मी ताकद जाईपर्यंत आकडा फारसा हलत नाही. म्हणजे तो उशिरा बोलतो. आणि कधी कधी तो चक्क खोटे बोलतो: थोडे क्रिएटिनिन गाळणीतून न जाता नलिकेच्या पेशींच्या मागच्या दाराने बाहेर टाकले जाते, आणि नेमकी हीच वाट पायरीमेथामिन हे हिवतापाचे औषध अडविते, ट्रायमेथोप्रिम हे प्रतिजैविकही तेच करते. रक्तातील आकडा वर जातो आणि मूत्रपिंड मात्र धडधाकट असते. टेट्रासायक्लिनची तऱ्हा युरियाच्या बाबतीत अशीच; ते शरीरातील प्रथिनांची घडण मंद करते, त्यामुळे युरिया चढतो. नुसते पाणी कमी प्यालेल्या, चार दिवस नीट न खाल्लेल्या उंदराचाही युरिया चढतो. यास्तव २००८ साली अमेरिकेच्या आणि युरोपच्या औषधनियंत्रकांनी उंदराच्या लघवीत उतरणाऱ्या काही प्रथिनांना, जी नलिकेची पेशी दुखावताच पाझरू लागतात, प्राण्यांवरील चाचण्यांत पुरावा म्हणून मान्यता दिली. कोणी दोन औषधांच्या जोडीने क्रिएटिनिन वाढले एवढ्यावरून 'मूत्रपिंड बिघडले' असा निवाडा देत असेल, तर काच कुठे आहे असे त्याला विचारण्याचा वाचकाला हक्क आहे.

काचही मिळाली, तरी ती उंदराची असते. सिप्रोफ्लॉक्सासिनचेच घ्या: उंदीर, माकड यांच्या लघवीत ह्या औषधाचे स्फटिक सहज सापडतात आणि ते नलिका बुजवितात; पण त्याचे कारण ह्या जनावरांची लघवी अल्कधर्मी असते आणि त्यात हे औषध विरघळत नाही. माणसाची लघवी बहुधा आम्लधर्मी, म्हणून हे स्फटिक माणसात क्वचित दिसतात. सल्फाच्या औषधांचे नेमके उलट. ती आम्लात थिजतात, म्हणून ती घेणाऱ्याला भरपूर पाणी पिण्यास बजावतात. नर उंदराच्या मूत्रपिंडात एक खास प्रथिन असते, मादीत ते जवळजवळ नसते आणि माणसात तर नाहीच. संत्र्याच्या सालीतील एका तेलकट द्रव्याने नर उंदरांना मूत्रपिंडाच्या गाठी येत, त्या ह्याच प्रथिनापायी. आणि ह्या भेदाची सर्वांत भयंकर साक्ष आपल्याच आकाशात आहे. डायक्लोफेनॅक गाईबैलांना मानवते. पण ते औषध दिलेले जनावर मरून गिधाडांच्या पोटात गेले की त्यांची मूत्रपिंडे बंद पडून आतल्या सगळ्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा लेप चढतो. हे २००४ मध्ये उघडकीस आले, भारतात जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. तोवर शंभरातील पंचाण्णवांहून अधिक गिधाडे गेली होती. एका जनावराने दिलेला दाखला दुसऱ्याच्या कामी येईलच असे नाही.

माझा ह्या प्रयोगांवरचा खरा आक्षेप मात्र निराळा आहे. ही औषधे बहुतेक वेळा निरोगी उंदरांना दिली जातात, आणि जगात ती घेणारे सगळे आजारी असतात. हिवताप स्वतः मूत्रपिंडाचा वैरी आहे. फाल्सिपारमच्या तापात चिकट झालेल्या तांबड्या पेशी तेथील बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पेशी फुटून त्यांतले तांबडे रंगद्रव्य नलिकांत उतरते, आणि कोयनेल अर्धवट, आठवेल तेव्हा घेणाऱ्या जुन्या काळच्या गोऱ्या साहेबांना होणारा काळ्या लघवीचा ताप तर दंतकथेसारखा प्रसिद्ध होता. अशा आधीच गांजलेल्या मूत्रपिंडावर दोन औषधांचे काय होते हे पाहावयाचे तर आजारी प्राणी हवा. त्याची सोय आहे: बेल्जियमच्या ताब्यातील काँगोत, कटांगा प्रांतात, विन्के आणि लिप्स यांनी प्लास्मोडियम बर्घी ह्या उंदीरवर्गीय प्राण्यांच्या हिवतापाचे १९४८ मध्ये वर्णन केले, आणि तेव्हापासून तो लहान उंदरांत वाढविता येतो. मोठे पांढरे उंदीर वयात आले की तो झटकून टाकतात. म्हणून मूत्रपिंडासाठी सोयीचा प्राणी आणि हिवतापासाठी सोयीचा प्राणी एक होत नाही, आणि संशोधक सोपी वाट धरतो.

याच ठिकाणी अण्णांच्या दुसऱ्या पाकिटाचा उलगडा होतो. लेप्टोस्पायरा हे वळसेदार जंतू आमच्या गटारांतल्या उंदराच्या मूत्रपिंडात, आणि तेही नेमके त्याच समीप नलिकेच्या भिंतीला चिकटून, आयुष्यभर बिऱ्हाड करून राहतात. उंदराला त्याची काही बाधा नाही. त्याच्या मुतावाटे ते तुंबलेल्या पाण्यात उतरतात, आपल्या पायाच्या चिरेतून आत शिरतात, आणि आपल्या त्याच नलिकांना काही दिवसांत नेस्तनाबूत करू शकतात. जो अवयव प्रयोगशाळेत औषधाची परीक्षा देतो, तोच गटारात रोगाचे कोठार असतो.

अण्णांचे पुढे ठीक झाले. तिसऱ्या दिवशीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडे वर होते. डॉक्टरांनी हिवतापाच्या गोळ्या पुऱ्या करावयास लावल्या, डॉक्सिसायक्लिन चालू ठेवले, कारण ते मुख्यत्वे आतड्यांवाटे बाहेर पडते आणि अशक्त मूत्रपिंडालाही सोसते, आणि मग सहज म्हणून विचारले की आणखी काही घेता का. अंगदुखीची पट्टी तेव्हा बाहेर आली. ती बंद झाली, पाणी वाढले, आणि दहा दिवसांनी आकडा जागेवर आला. तापात घाम जाऊन रक्तातले पाणी आटलेले असताना अशी वेदनाशामके मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी आवळतात; दोन औषधांच्या जोडीवर एवढा खल करणाऱ्या आमच्यापैकी त्या न लिहिलेल्या तिसऱ्या गोळीकडे कोणी पाहिलेच नव्हते. तेव्हा पावसाळ्यात ताप आला आणि दोन पाकिटे हातात पडली, तर डॉक्टरांपुढे घरचा डबाही न्यावा, आणि दिवसभरात लघवी किती झाली हे न विचारता सांगावे.

महिन्याभराने प्राध्यापकांचा प्रयोग संपला असावा. चौथ्या गटाचे काय झाले हे मी विचारले नाही, ते त्यांनी छापावयाचे आहे. मी निघताना एवढेच विचारले होते की, ज्या सहांना नुसते पाणी मिळाले, ते पुढे प्राणिगृहातच राहतात का? नाही, ते म्हणाले. शेवटच्या दिवशी त्यांचीही मूत्रपिंडे काढतात, आणि तीही इतरांच्या आधी.